थ्रिसूरची अर्धी फेरी

रविवार, अठरा जानेवारी, सकाळचे अकरा. रक्कम नऊ हजार सहाशे चाळीस रुपये. हजर: नंदावहिनी, तुझी लेक ईशा आणि मी. जागा तुझंच मुलुंडचं घर, तुझंच जेवणाचं टेबल. तुला जाऊन त्या दिवशी बरोबर दोन आठवडे झाले होते, सुहास.

श्रीखंडाचा तो मोठा डबा मी घाटकोपरहून पिशवीत घालून आणला होता. झाकणावर तू मार्करने लिहिलेलं 'सोंगखातं' अजून वाचता येतं. दर महिन्याला पाचशे तुझे, पाचशे माझे. त्या डब्यावर आपण अकरा वर्षांत सहा सफरी केल्या. पणजीचा कार्निव्हल दोनदा, इंदूरची रंगपंचमीची गेर मिरवणूक, म्हैसूरचा दसरा, फोर्ट कोचीची नव्या वर्षाची मिरवणूक आणि शेवटची, ओणमनंतरची थ्रिसूरची पुलीकळी, म्हणजे वाघांचा नाच. लोक भिशीतून सोनं घेतात, फ्रीज घेतात. आपण दुसऱ्यांच्या गावची गर्दी विकत घेतली. ती तुझ्यासाठी होती. माझ्या वाट्याला त्या गर्दीची भीती यायची आणि तरी मी दर वेळी यायचो.

मी टेबलावर नोटा मोजल्या. दोन भाग केले. चार हजार आठशे वीस वहिनींपुढे सरकवले, तेवढेच माझ्यापुढे ठेवले.

"मोजून घ्या, वहिनी."

"तुम्ही मोजलेत ना, भावोजी? मग मी कशाला परत मोजू? हे म्हणायचे, दिन्याचा हिशेब बँकेपेक्षा पक्का."

ईशा हसली. आजारातून उठल्यावर माणूस हसतं तसं. मी मान खाली घातली, कारण तो हिशेब चुकीचा होता आणि तो चुकीचा आहे हे मला ठाऊक होतं. त्या नऊ हजार सहाशे चाळीसमधले एक हजार आपले नव्हतेच. ते थ्रिसूरच्या चंद्रनचे होते. त्याचं नाव घेतलं असतं तर वहिनींनी विचारलं असतं, कोण चंद्रन? आणि त्या एका प्रश्नामागून बाकीचं सगळं बाहेर आलं असतं. म्हणून मी ते हजार रुपये गिळले. पाचशे तुझ्या बायकोच्या हातात दिले, पाचशे माझ्या खिशात घातले. तीस वर्षांच्या नोकरीत मी जाणूनबुजून एकही चुकीचा आकडा लिहिला नव्हता. तो तुझ्या टेबलावर लिहिला.

परतताना तुमच्या इमारतीच्या जिन्यात मधेच थांबलो. पायऱ्या मोजत उतरत होतो आणि आकडा चुकला. माझा आकडा चुकला, सुहास. पुन्हा वर जाऊन पहिल्यापासून मोजायचा धीर नव्हता, कारण वर तुमचं दार होतं.

तू मला भित्रा म्हणायचास. ते खरं आहे आणि ते तू मला पहिल्यांदा कधी म्हणालास तेही मला आठवतं. विक्रोळीची कंपनीची कॉलनी, आपण दोघं सहा-सात वर्षांचे. तुमच्या गावचा शिमगा पाहून तू परत आला होतास आणि तुझ्या डोक्यात तिथल्या सोंगांतला संकासुर भरला होता. बाबांचा काळा रेनकोट, तोंडाला काळं फडकं, कापसाची दाढी, हातात सुताची दोरी. तू आमच्या दारात येऊन ती दोरी आपटलीस आणि मी पलंगाखाली शिरलो. तासभर बाहेर आलो नाही. तू रेनकोट काढून, दाढी काढून, पलंगाखाली डोकं घालून म्हणत होतास, "अरे मी आहे, सुहास. बघ ना दिन्या, मीच आहे रे." मी म्हटलं, "ते तू बाहेर आहेस. आत कोण होता?"

त्यावर तू चाळीस-पंचेचाळीस वर्षं हसलास. मला मात्र तो प्रश्न आजही पुरता सुटलेला नाही. रंग लावलेलं, मुखवटा घातलेलं माणूस पाहिलं की मला वाटतं, आतल्या माणसाला काही झालं तर बाहेर कळणार कसं? मुखवटा तर हसतच राहणार.

आपलं भांडण याच्यावरच होतं. तुझं म्हणणं, गर्दीत भीती वाटली जाते. दहा हजार माणसं असली की प्रत्येकाच्या वाट्याला चिमूटभर येते, म्हणून तर माणसं एकत्र नाचतात. माझं म्हणणं, तो भागाकार नसतो, गुणाकार असतो. एक माणूस घाबरून मागे वळला की दहा हजार वळतात. हे भांडण आपण पणजीला मांडवीच्या काठावर केलं, इंदूरला लॉजच्या गच्चीवर अंगावरचा गुलाल खरवडत केलं, म्हैसूरला हत्ती जाईपर्यंत केलं. प्रत्येक वेळी शेवटी तू म्हणायचास, "बरं बाबा, तू बरोबर. पण आलास ना?" आणि मी आलेलो असायचो.

पहिल्या पणजीला आपली चुकामूक झाली तेव्हापासून मी नियम केले. उतरल्या उतरल्या भेटायची जागा ठरवायची. गल्लीत शिरण्याआधी बाहेर पडायच्या वाटा मोजायच्या, दोनपेक्षा कमी असतील तर शिरायचं नाही. आणि मुख्य नियम: बॉलपेनने डाव्या हातावर, मनगट ते कोपर, एकमेकांचा मोबाइल नंबर लिहायचा. तुझ्या हातावर माझा, माझ्या हातावर तुझा. फोन हरवतो, चोरीला जातो, भिजतो. हात जात नाही.

"शाळेच्या सहलीला आणलंय की काय मला?" तू ओरडायचास, पण हात पुढे करायचास. तुझ्या हातावर केस फार, पेन अडखळायचं. दर वेळी शेवटचा आकडा मला दोनदा गिरवावा लागायचा. तो सात होता.

इंदूरला त्या नियमाने तुला वाचवलं हे तूही कबूल करायचास. राजवाड्याजवळ पाण्याच्या तोफा सुरू झाल्या, गर्दी सरकली आणि तू दिसेनासा झालास. माझे दोन्ही हात छातीशी दाबले गेले होते, पाय जमिनीला लागत होते की नाही कळत नव्हतं. मी इमारतींचे मजले मोजत राहिलो, कारण मोजणं थांबलं असतं तर मी ओरडलो असतो. वीस मिनिटांनी अनोळखी नंबरवरून फोन आला. कुणीतरी दुकानदार. "आपका आदमी मेरी दुकान में बैठा है, एक चप्पल नहीं है, पोहा खा रहा है." मी पोचलो तेव्हा तू खरंच पोहे खात होतास. नखशिखान्त हिरवा. मी तुझ्यावर एवढा ओरडलो की त्या दुकानदाराने मलाच पाणी दिलं.

आता थ्रिसूर. हे लिहिताना माझा हात थांबतो, पण तुझ्यापाशी थांबून काय करू? तू तिथे होतास.

तुझ्या इमारतीतल्या उन्नीचा चुलतभाऊ तिथल्या एका वाघांच्या मंडळात आहे हे कळल्यापासून तू झोपला नव्हतास. "दिन्या, पोट सुटलेला माणूस लागतो त्यांना. पोटावर वाघाचा चेहरा रंगवतात. चालताना पोट हललं की वाघ डरकाळी फोडतो. बावीस वर्षं नंदा या पोटाच्या मागे लागलीय यार, आणि तिकडे त्याला मान आहे मान!" तू बघ्यांमध्ये उभा राहणार नव्हतास, वाघ होणार होतास. चोपन्नाव्या वर्षी.

पहाटेपासून रंगकाम. मांडवात बाकांवर ओळीने उघडे पुरुष, अंगावरचे केस काढलेले, दोन्ही हात आडव्या बांबूवर टेकून उभे. रंगाचा पहिला हात पिवळा, तो वाळेपर्यंत उभंच राहायचं, मग पट्टे, मग पोटावरचा चेहरा. तुझा रंगारी चंद्रन. साठीचा, बारीक, कानावर ब्रश खोचलेला. दोन हजार रुपये ठरले. हजार आधी, हजार फेरी पूर्ण झाल्यावर. मंदिराच्या मैदानाभोवती मोठा गोल रस्ता आहे, त्याला ते राउंड म्हणतात. वाघाने राउंड पूर्ण केला की रंगाऱ्याचं काम पूर्ण झालं, उरलेले पैसे तेव्हाच घ्यायचे, अशी त्याची पद्धत होती. मी हजार मोजून दिले, त्याचा नंबर घेतला, वहीत नोंद केली.

त्याने तुझ्या पोटावरून अंगठा फिरवला आणि अपेंडिक्सच्या जुन्या व्रणापाशी थांबला. वाळलेली, वाकडी रेघ. मला वाटलं, तो त्याच्यावर रंग थापेल. त्याने ती झाकली नाही. ती रेघ त्याने वाघाची मिशी केली. एक मिशी व्रणाची आणि बाकीच्या तिला जुळवून काढलेल्या. त्यामुळे चेहरा जरासा कलला, डावा डोळा थोडा खाली आला. मी फोटो काढला. तू ओरडलास, "नंदाला आत्ता पाठवू नकोस! घरी जाऊन दाखवू."

आणि मी तुझ्या डाव्या हाताकडे पाहिलं. पहाटे मीच लिहिलेला नंबर पिवळ्याखाली गेला होता. त्यावर काळे पट्टे.

"सुहास, नंबर."

"अरे, वाघाला कोण नंबर विचारणार?"

"फोन तरी जवळ ठेव."

"कुठे ठेवू? शेपटीत?"

तुझा फोन माझ्या खिशात आला. मी नियम मोडला, सुहास. घराजवळ असतो तरी मी तो मोडला नसता, पण हजार किलोमीटरहून जास्त दूर मोडला, कारण तू इतका खूश होतास की मला लाज वाटली.

दुपारी चार वाजता वाघ निघाले. एकेका मंडळात चाळीस-पन्नास आणि मंडळं किती ते मी मोजू शकलो नाही. ढोलांचा आवाज कानात नव्हता, छातीत होता. कमरेला घुंगरांचा पट्टा, तोंडावर मुखवटा, सगळी पोटं पिवळी, सगळी हसणारी. पहिली दहा-बारा मिनिटं मी तुझ्यावरून नजर हटवली नाही. मग एक चित्ररथ मधे आला. तो सरकला आणि तू नव्हतास.

मी पुढे धावलो, मागे धावलो. प्रत्येक वाघ तूच होता. एकाला हात लावला, त्याने मुखवट्यातून माझ्या तोंडावर डरकाळी फोडली, लोक हसले. मी पोटं बघत होतो. माणसांच्या गर्दीत चेहरा शोधता येतो, पण तिथे चेहरेच चेहरे होते आणि एकही माणसाचा नव्हता. पोलिसाला काय सांगणार? हरवलेल्याचं वर्णन: जाड, पिवळा, पट्टे असलेला?

आणि तेव्हा माझ्या खिशात तुझा फोन वाजला. स्क्रीनवर 'नंदा'.

मी तो उचलला. का उचलला ते माहीत नाही. न उचलणं जास्त भयंकर वाटलं असावं.

"अहो, कसं चाललंय?"

"मी दिनेश बोलतोय, वहिनी. तो नाचतोय."

"खरंच नाचतायत?"

"हो. ढोल ऐकू येतोय ना?" आणि मी फोन वर धरला. त्यांना ढोल ऐकवला, सुहास. तू कुठे आहेस याचा मला पत्ता नसताना.

मग मला चंद्रन आठवला. रंगारी मंडळाच्या मागे डबे घेऊन चालतात, घामाने कुठे रंग उतरला तर दुरुस्त करायला. मी त्याला गाठलं, खुणांनी सांगितलं, माझा माणूस दिसत नाही.

"कौन पेट? फोटो दिखाओ."

फोटो पाहून त्याने मान हलवली. "मेरा पुली." पुली म्हणजे वाघ. त्याने हातातला डबा खाली ठेवला आणि चालायला लागला. मी एकेका पोटासमोर थांबून घाबरत होतो, तो नुसता वळून पाही आणि पुढे जाई. हा नाही. हाही नाही. आपल्या हाताची रेघ आपल्याला कळते, एवढंच त्याला पुरत होतं. राउंडच्या आतल्या एका गल्लीत, बंद दुकानाच्या पायरीवर तीन वाघ बसले होते. दोघे चहा पीत होते. तिसऱ्याचा मुखवटा मांडीवर होता, डोकं भिंतीला टेकलेलं. चंद्रनने बोट दाखवलं. "लेफ्ट आँख नीचे."

मी तुला ओळखलं नव्हतं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सत्तेचाळीस वर्षांची ओळख आणि चार पावलांवरून मी तुला ओळखलं नाही. सकाळी भेटलेल्या माणसाने ओळखलं.

गळ्यापासून वर तेवढा तू तुझा होतास आणि चेहऱ्याला रंग म्हणावा असा नव्हता. पोटावरचा वाघ हसत होता. तू डावा जबडा दाबत होतास. "ॲसिडिटी रे," म्हणालास. "सकाळपासून उपाशी ना."

"दवाखान्यात चल."

"असा? ईसीजीचे ते गोळे चिकटवणार कुठे, पट्ट्यावर की मिशीवर?"

तू हसलास आणि मी हसलो नाही. पण मी तुला नेलंही नाही. रॉकेलने रंग उतरवायला दोन तास लागले, तोवर तुझी कळ थांबली होती, तू इडल्या मागवल्या होत्यास. आणि मग बादलीपाशी बसून, कानामागे पिवळा राहिलेला तू म्हणालास, "नंदाला एक अक्षर बोलायचं नाही. ती आधी डॉक्टर करेल आणि मग डबा बंद करेल. फेब्रुवारीत पणजी आहे, दिन्या. शपथ घे."

मी घेतली. एका अटीवर, की तू मुंबईत जाऊन तपासून घेशील. तू म्हणालास, घेईन. ऑक्टोबरमध्ये विचारलं, म्हणालास, दिवाळीनंतर. दिवाळीनंतर विचारलं, म्हणालास, पणजीनंतर. नोव्हेंबरमध्ये मी तीनदा तुमचा नंबर लावला, वहिनींना सांगायला, आणि तीनदा दुसऱ्याच विषयावर बोललो. एकदा तर तांदळाचा भाव विचारला. मला तुझा राग नको होता. मला तुझ्या आजाराची भीती होती तशीच तुझ्या रागाचीही होती, आणि मी लहान भीती निवडली. चार जानेवारीला सकाळी ईशाचा फोन आला तेव्हा "काका" एवढंच ऐकून मला सगळं कळलं. मला ते चार महिन्यांपासून ठाऊक होतं.

अठरा तारखेनंतर मी चार रात्री नीट झोपलो नाही. तुझी स्मितावहिनी म्हणाली, "पित्त झालंय तुम्हाला." मी दचकलो. भीती काय होती, तेही मोजून सांगतो. वहिनी म्हणतील, तुमच्यामुळे गेले. दुसरी भीती याहून मोठी: त्या हे कधीच म्हणणार नाहीत, कारण मी कधीच सांगणार नाही, आणि पुढची वीस वर्षं त्या मला चहा देत राहतील.

ते पाचशे रुपये मला खिशात ठेवता येईनात. गुरुवारी संध्याकाळी मी मुलुंडला गेलो. वहिनी तांदूळ निवडत होत्या. ईशा ऑफिसचं काम घेऊन पलंगावर बसली होती.

"वहिनी, रविवारच्या हिशेबात चूक झाली. तुमच्याकडे पाचशे जास्त आलेत. माझ्याकडेही पाचशे."

"तुमची चूक?" त्यांना खरंच आश्चर्य वाटलं. "असू दे हो. कुणाचे आहेत?"

"चंद्रनचे."

"कोण चंद्रन?"

मी सांगितलं. सगळं, क्रमाने, तारीख-वेळेसकट, कारण दुसऱ्या कुठल्या रीतीने मला सांगता येत नाही. नंबर रंगाखाली गेला तिथपासून शपथेपर्यंत. त्यांचा हात ताटात तसाच राहिला. ईशाने लॅपटॉप मिटला.

"मी फोन केला तेव्हा?" वहिनींनी विचारलं.

"तेव्हा तो सापडत नव्हता."

"तुम्ही म्हणालात, नाचतोय."

"हो."

"ढोल ऐकवलात मला."

"हो."

"मी ईशाला हाक मारली. म्हटलं, ये ये, बाबांचा ढोल ऐक." त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "चार महिने, भावोजी. तुम्ही एवढे सगळं मोजणारे. मला चार महिने मिळाले असते. ते वाचले असते की नाही, ते देवाला माहीत. पण मी त्यांना पणजीच्या नावाने ओरडत बसले नसते ना. शेवटच्या आठवड्यात आम्ही पणजीला न्यायच्या सामानावरून भांडलो."

मी म्हणू शकलो असतो की तू शपथ घातली होतीस. पण म्हणालो नाही. तू समोर नसताना तुझ्यावर ढकलणं मला जमलं नाही. आणि खरं सांगू, त्या क्षणी मला तुझा इतका राग आला की तू समोर असतास तर मी तुला हाणलं असतं. तू तुझी भीती मला देऊन मोकळा झालास. गर्दीत वाटली जाते म्हणायचास ना? ही दोघांत वाटलीस, आणि सगळी माझ्याकडे आली.

वहिनी उठून आत गेल्या. दार लावलं नाही, नुसतं लोटलं. थोड्या वेळाने ईशा म्हणाली, "काका, तुम्ही जा आता. प्लीज." मी हजारातले माझे पाचशे टेबलावर ठेवून निघालो. जिना मोजला नाही.

नऊ दिवस फोन नाही. स्मिताने एकदा केला, ईशाने उचलला, "आई बरी आहे" एवढंच. मला वाटलं, संपलं. तू गेलास आणि तुझं घरही गेलं. पणजीचं तुझं तिकीट ईशाने रद्द केलं होतं. माझं मी केलं नव्हतं. रोज ते उघडून बघायचो आणि बंद करायचो. एकट्याने त्या गर्दीत उभं राहायचं आणि हातावर कुणाचा नंबर लिहायचा?

दहाव्या दिवशी, रविवारी, वहिनींचा फोन आला. "या. त्या माणसाचा नंबर घेऊन या. आणि फोटो असेल तर फोटो."

हजर पुन्हा तिघंच. चहा नव्हता. मी फोटो उघडून फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा वर केला, स्क्रीन डोळ्यांजवळ नेली. दोन बोटांनी तुझं पोट मोठं केलं.

"हा व्रण आहे," त्या म्हणाल्या. "ईशा, बघ. अपेंडिक्सचा. मिशी केलीय मेल्याने." आणि त्या हसल्या. हसता हसता तोंडावर पदर घेतला, आणि मग ते हसणं नव्हतं. ईशा त्यांच्या पाठीवर हात ठेवून फोटो बघत राहिली. "किती खूश आहेत बाबा," ती म्हणाली.

"खूश होता," मी म्हणालो. "ते खोटं नव्हतं, वहिनी. तेवढं खोटं नव्हतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. क्षमा केली, असं मी म्हणणार नाही. नजर बदलली नाही. पण त्या म्हणाल्या, "लावा फोन."

चंद्रनने लगेच उचलला. मी नाव सांगितलं, मुंबई म्हटलं, लेफ्ट आँख म्हटलं, आणि तो ओळखून मोठ्याने हसला. "हाँ हाँ! पुली कैसा है?"

वहिनींनी माझ्या हातातून फोन घेतला.

"मैं उनकी मिसेस बोलती. वो नहीं रहे, भैया. जनवरी में."

पलीकडे तो स्वतःशीच मल्याळममध्ये काहीतरी पुटपुटला. वहिनींनी पैशांचं सांगितलं, हजार बाकी आहेत, पाठवायचे आहेत.

"नहीं मैडम. वो पैसा नहीं बनता. राउंड पूरा नहीं हुआ. आधा में बैठ गया न. हमारा रिवाज, राउंड पूरा, तब पैसा."

वहिनींनी फोन कानापासून जरा दूर धरला. खिडकीबाहेर सोसायटीचं फाटक दिसतं, ज्यातून तू रोज चालायला जायचास. त्या फाटकाकडे बघत राहिल्या. मला वाटलं, फोन मला देतील.

"हो गया, भैया," त्या म्हणाल्या. "राउंड पूरा हो गया उनका. आप ले लो."

त्याने याच नंबरवर पाठवा म्हणून सांगितलं.

पैसे ईशाने तिच्या मोबाइलवरून पाठवले. मी टेबलावर वही उघडून थ्रिसूरच्या पहिल्या हजाराखाली नोंद केली. आकडा नीट आला. रविवार, एक फेब्रुवारी. चंद्रन, रंगारी, थ्रिसूर यांना एक हजार रुपये, फेरी पूर्ण झाल्याबद्दल. पाचशे नंदावहिनींकडून, पाचशे माझ्याकडून. मिळाल्याचं त्याने कळवलं.